सभागृह, संकटकाळ आणि यंत्र

लोंढा हे जंक्शनचे गाव. मिरज-बेळगावकडून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा धारवाड-हुबळीकडे वळतो, दुसरा कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगाव बंदराला मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे रूळ पडले आणि रुळांच्या सोबतीने तारेचे खांबही सह्याद्रीच्या या दाट रानात उभे राहिले. तेव्हापासून राज्यकारभाराची वार्ता या गावाला आधी तारेने, मग वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याने, पुढे रेडिओने आणि दूरचित्रवाणीने कळत आली. ज्या सभागृहात तो कारभार ठरतो, ते मात्र कायम दूर राहिले. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत खानापूर तालुक्याचे प्रतिनिधी मुंबईच्या विधिमंडळात बसत. दुसऱ्या दिवसापासून तालुका म्हैसूर राज्यात गेला आणि त्यांची जागा बेंगळूरला लागली. लोंढ्यापासून दोन्ही राजधान्या सुमारे पाचशे किलोमीटरांवर आहेत. सर्वांत जवळची राजधानी पणजी. पण १९६१ पर्यंत तिच्यावर परकीय निशाण होते आणि त्यानंतरही तिचा या गावावर अधिकार नव्हता.

इतक्या अंतरावरच्या गावाला विधिमंडळ म्हणजे काय, याचे व्यवहारातले उत्तर अगदी साधे आहे. आपला आमदार तेथे उभा राहतो, प्रश्न विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. पूल, दवाखाना, शाळेतला मराठी शिक्षक, अस्वलाने जखमी केलेल्या माणसाची भरपाई, अशा गोष्टींची सरकारदरबारी नोंद होण्याचा तो एक राजमार्ग असतो. म्हणूनच संकटकाळी सभागृहाचे काय होते, ते भरते की नाही, भरले तर कसे, आणि त्यात सदस्याचे बोलणे उरते काय, हा विषय घटनापंडितांपुरता राहत नाही. मार्च २०२० नंतरच्या दोन वर्षांत तो प्रश्न जगातल्या बहुतेक कायदेमंडळांपुढे आला. त्याची उत्तरे देशोदेशी निराळी मिळाली. भारतातल्या उत्तरामागे मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण लोंढ्याच्याच रुळांवर, पुढे हुबळीला घडले आहे.

साथीच्या काळात कायदा कसा होत असे, याचे जुने उदाहरण १८९७ चे. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळापुढे कलकत्त्यास जानेवारीच्या अखेरीस एक छोटेसे विधेयक आले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याचा कायदा झाला. साथरोग प्रतिबंधक कायदा तो हाच. मुंबई इलाख्यातल्या घराघरांत शिरण्याचा अधिकार देणारा हा कायदा, इलाख्यापासून शेकडो कोस दूर, मूठभर नियुक्त सभासदांनी आठवड्याभरात संमत केला. मुंबई इलाख्याच्या स्वतःच्या कायदे कौन्सिलात त्या वेळी लोकमान्य टिळकांसारखे सभासद होते. पण तेथे प्रश्न विचारण्याची मुभा तोकडी आणि मत देण्याची त्याहून तोकडी होती. सरकारी यंत्रणेने तारायंत्राचा भरपूर उपयोग केला. तारेने हुकूम जात आणि अहवाल येत. सभासदांच्या कामात मात्र तारेला स्थान नव्हते. त्यांनी प्रत्यक्ष येऊन बसावे, हाच दंडक होता. एकशे तेवीस वर्षांनी, २०२० साली टाळेबंदी लागू करताना राज्य सरकारांनी याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेतला.

सभागृहाची जागा बदलणे मात्र या प्रदेशाला कधीच अपरिचित नव्हते. मुंबई इलाख्याचे सरकार पावसाळ्यात पुण्यास मुक्काम हलवी आणि तेथील कौन्सिल हॉलमध्ये बैठका होत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला आश्वासन मिळाले आणि महाराष्ट्र राज्य झाल्यापासून हिवाळी अधिवेशन नागपुरास भरू लागले. चीनशी युद्ध झाले त्या १९६२ साली ते तेथे भरले नाही. त्याच वर्षी दिल्लीत संसदेचे अधिवेशन मुदतीआधी बोलावून ८ नोव्हेंबरला सुरू करण्यात आले. यशवंतराव चव्हाण याच महिन्यात संरक्षणमंत्रिपदासाठी दिल्लीस गेले. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास रद्द झाला होता. पण युद्ध चालू असताना लोकसभेने सीमेवरील परिस्थितीवर कित्येक दिवस चर्चा केली आणि दीडशेहून अधिक सदस्य बोलले. प्रश्न विचारायचे नाहीत, पण चर्चा मनसोक्त करायची, असा तो तोडगा होता. आणीबाणीच्या काळातही प्रश्नोत्तरांचा तास बाजूला ठेवला गेला, आणि तेव्हा चर्चेलाही मोकळीक उरली नाही. संकट आले की सरकारला सर्वांत आधी हाच तास अडचणीचा वाटतो, असे या नोंदी पाहता म्हणावे लागते.

यंत्रांना सभागृहाने दार बंद केले, असेही नाही. लोकसभेत मतांची नोंद करणारी स्वयंचलित यंत्रणा १९५७ साली बसली. ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रण, अनुवाद ऐकण्याची कर्णयंत्रे आली. १९९० च्या दशकात प्रश्नोत्तरांचा तास दूरदर्शनवर दिसू लागला. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने २०१४ साली कागद हद्दपार करून सदस्यांच्या बाकांवर पडदे बसवले. या सर्व सुधारणांत एक मर्यादा मात्र कसोशीने पाळलेली दिसते. यंत्राने मोजावे, ऐकवावे, दाखवावे. सदस्याच्या ऐवजी हजर राहू नये. राज्यघटनेतही निकाल ठरतो तो उपस्थित असणाऱ्या आणि मत देणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने. ‘उपस्थित’ म्हणजे कोठे, हे लिहून ठेवण्याची गरज १९५० साली कोणालाही वाटली नसेल.

ही गरज का वाटू नये आणि शरीराने हजर राहण्याचा आग्रह कशासाठी, याचे उत्तर एस. आर. बोम्मई यांच्या प्रकरणात मिळते. हुबळी ग्रामीणचे हे आमदार ऑगस्ट १९८८ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री झाले. एप्रिल १९८९ मध्ये जनता दलाच्या एका आमदाराने राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांच्याकडे पत्रांचा एक गठ्ठा नेऊन दिला. एकोणीस आमदारांनी सरकारचा पाठिंबा काढून घेतल्याची ती पत्रे होती. राज्यपालांनी त्यांवरून राष्ट्रपतींना अहवाल पाठवला. दोन-तीन दिवसांतच त्यांपैकी सात आमदारांनी कळवले की आपल्या सह्या दिशाभूल करून घेतल्या आहेत आणि आपला पाठिंबा कायम आहे. मुख्यमंत्री विधानसभा बोलावून बहुमत सिद्ध करण्यास तयार होते. तरीही २१ एप्रिल १९८९ रोजी सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट लागली. सभागृह भरलेच नाही.

खटला चालला आणि ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सरकारचे बहुमत हे राज्यपालांच्या खाजगी समजुतीचा विषय होऊ शकत नाही. त्याची परीक्षा सभागृहातच व्हावी, असे त्याचे सार. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल केंद्र-राज्य संबंधांच्या सदराखाली येतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याला आणखी एक अर्थ आहे. पत्र ही त्या काळची दूरस्थ हजेरी होती. सही खरी असेल, पण ती करताना खोलीत आणखी कोण होते, दार आतून बंद होते की बाहेरून, हे कागद सांगत नाही. सभागृहात सर्वांच्या देखत उभ्या राहिलेल्या सदस्याविषयी निदान एवढी खात्री असते की त्याने जे केले ते दिवसाढवळ्या केले. एकोणीस पत्रे आणि सात माघारी यांनी ही गोष्ट कोणत्याही तात्त्विक विवेचनापेक्षा स्पष्ट केली. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून होताच. आमदारांना बसमधून, विमानातून दूरच्या विश्रामगृहांत नेऊन ठेवण्याची रीतही कर्नाटकाला आणि महाराष्ट्राला परिचयाची आहे. अशा देशात घरबसल्या मतदानाचे बटण सदस्याच्या हाती देताना हात आखडला, तर त्याला केवळ जुनाटपणा म्हणून चालणार नाही.

ही पार्श्वभूमी घेऊनच मार्च २०२० कडे पाहावे लागते. महाराष्ट्राचे अर्थसंकल्पी अधिवेशन १४ मार्चला आवरते घेण्यात आले. संसद २३ मार्चला आणि कर्नाटकाचे विधिमंडळ २४ मार्चला तहकूब झाले. रेल्वेची प्रवासी वाहतूक त्याआधीच थांबली होती. लोंढ्यासारख्या जंक्शनवर गाडी नाही, हे दृश्य शतकाहून अधिक काळात कोणी पाहिले नव्हते. पुढे जे घडले त्यातला विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. राज्यकारभाराच्या तीन अंगांपैकी दोन अंगांनी पडदा लगोलग स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी आदेश देऊन दूरदृश्य प्रणालीवरील सुनावणीला घटनादत्त अधिकारांचे पाठबळ दिले. मंत्रिमंडळाच्या बैठका पडद्यावर होऊ लागल्या. महाराष्ट्रात महानगरपालिकांच्या सभाही तशा भरल्या, आणि तेथेच नव्या पद्धतीची खोडही दिसली. बोलणाऱ्याचा आवाज पोहोचत नाही, माइक बंद ठेवला जातो, अशा तक्रारी नगरसेवक करू लागले. समोरासमोरच्या सभेत अध्यक्षाला सदस्याचे तोंड बंद करता येत नाही. पडद्यावर ते एका बटणाचे काम असते. तिसरे अंग, म्हणजे संसद आणि विधिमंडळे, मात्र स्तब्ध राहिले.

ही स्तब्धता रिकामी नव्हती. सभागृह भरत नसले तरी कायदे होत होते, अध्यादेशाने. ५ जून २०२० रोजी केंद्राने शेतीविषयक तीन अध्यादेश काढले. कर्नाटक सरकारने बाजार समित्यांविषयी आणि जमीन सुधारणा कायद्याविषयी अध्यादेश आणले. निपाणीचा तंबाखू आणि चिकोडी-बेळगावचा ऊस पिकवणाऱ्यांच्या दृष्टीने यांहून जवळचे कायदे कोणते? पण त्यांवर त्यांचा आमदार किंवा खासदार अवाक्षर काढू शकत नव्हता.

राज्यघटनेने दोन बैठकींमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू देऊ नये असे बजावले आहे. २०२० सालच्या तारखा शेजारी मांडल्या तर या एका वाक्याचे वजन कळते. १४ मार्चला उठलेले महाराष्ट्राचे विधिमंडळ ७ सप्टेंबरला भरले. २३ मार्चला उठलेली संसद १४ सप्टेंबरला, आणि २४ मार्चला उठलेले कर्नाटकाचे विधिमंडळ २१ सप्टेंबरला. तिन्ही ठिकाणी मुदत संपायला जेमतेम नऊ दिवस किंवा त्याहून कमी अवधी उरला होता. घटनेची ही अट नसती तर त्या सप्टेंबरातही दारे उघडली असती की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

महाराष्ट्राचे अधिवेशन दोनच दिवस चालले. अध्यक्ष नाना पटोले स्वतः बाधित झाल्याने उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी कामकाज पाहिले. सदस्य एकेक जागा सोडून, प्रेक्षकांच्या सज्जांतही बसले. प्रश्नोत्तरे आणि लक्षवेधी सूचना यांना वगळण्यात आले होते. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईतच, १४ आणि १५ डिसेंबर असे दोन दिवस झाले.

संसदेची व्यवस्था अधिक गुंतागुंतीची होती. दोन्ही सभागृहे एकाच दिवशी निरनिराळ्या पाळ्यांत भरत: एकाने सकाळी बसायचे, दुसऱ्याने दुपारनंतर. एका सभागृहाचे सदस्य दोन्ही दालनांत आणि सज्जांत विखरून बसत आणि मोठ्या पडद्यांवर एकमेकांना पाहत. बाकांसमोर पारदर्शक पडदे होते. उभे राहून बोलण्याची शतकाची रीत सोडून बसून बोलण्यास परवानगी मिळाली. हजेरीसाठी मोबाइल फोनवरील उपयोजन आले. थोडक्यात, एकाच इमारतीच्या आत दूरस्थ सभागृह उभे राहिले. इमारतीच्या बाहेर मात्र त्याला पाऊल टाकू दिले नाही. समित्यांच्या बैठका तरी पडद्यावर घ्याव्यात, ही काही समिती-अध्यक्षांची मागणीही मान्य झाली नाही. लोकसभेच्या नियमांप्रमाणे समितीची बैठक खाजगी असते आणि ती संसद भवनाच्या आवारात व्हावी लागते. दूरच्या पडद्यापलीकडे कोण ऐकत आहे याची हमी देता येत नाही, हा आक्षेप होता. त्यात तथ्य होते. मात्र त्याच महिन्यांत मंत्रिमंडळ आपली गोपनीय कामे पडद्यावर करीत होते, हेही तितकेच खरे.

या अधिवेशनातही प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला. विरोधकांच्या आग्रहानंतर अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे देण्याचे सरकारने कबूल केले. हा निर्णय राबवणारे संसदीय कामकाजमंत्री प्रल्हाद जोशी हे धारवाडचे खासदार. लेखी उत्तर आणि तोंडी उत्तर यांतला फरक बाहेरच्याला किरकोळ वाटेल. लेखी उत्तर खात्यातला अधिकारी लिहितो. तोंडी उत्तराला पुरवणी प्रश्न येतो, आणि तो कोठून येईल हे मंत्र्याला ठाऊक नसते. राजधानीतल्या माणसाला मंत्र्याला गाठण्याचे दहा मार्ग असतात. खानापूरच्या रानातल्या गावाला तो अनपेक्षित पुरवणी प्रश्न हाच एक असतो. त्यामुळे प्रश्नोत्तरांचा तास गेला तेव्हा सर्वांचे सारखे नुकसान झाले असे मानता येत नाही. जो जितका दूर, त्याचे तितके अधिक गेले.

विखुरलेल्या आसनव्यवस्थेची खरी परीक्षा २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत झाली. शेतीविषयक विधेयके चर्चेस होती. विरोधी सदस्यांनी मतविभागणीची मागणी केली. उपसभापती हरिवंश यांनी आवाजी मतदानाने विधेयके संमत झाल्याचे जाहीर केले. मागणी करणारे आपापल्या जागेवर नव्हते, असे पीठासनाचे म्हणणे. जागेवरूनच मागणी केली होती, असे विरोधकांचे. गोंधळ माजला, आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. कोणाची बाजू बरोबर, हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. पण सदस्य दोन दालनांत विभागलेले असताना आवाजावरून बहुमत ठरवणे म्हणजे काय, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला. मतनोंदणीची यंत्रणा १९५७ पासून हाताशी होती. आसने विखुरल्यावर तीही जागेवरच्या सदस्याइतकीच अडली.

त्या अधिवेशनापूर्वी झालेल्या तपासणीत दोन डझनांच्या आसपास खासदार बाधित निघाले. रायचूरचे अशोक गस्ती जून २०२० मध्ये कर्नाटकातून राज्यसभेवर निवडून आले होते. जुलैत त्यांनी शपथ घेतली आणि एकाही अधिवेशनात भाग न घेता १७ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी ११ सप्टेंबरला बाधित ठरले आणि २३ सप्टेंबर रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात कालवश झाले. त्याच दिवशी, ठरल्या मुदतीच्या आठ दिवस आधी, संसद अनिश्चित काळासाठी तहकूब झाली. साथीच्या नियमांमुळे त्यांचे अंत्यसंस्कारही दिल्लीतच झाले. बेळगावला त्यांचे अंत्यदर्शन घडले नाही. लोंढा ज्या खानापूर विधानसभा मतदारसंघात मोडते तो लोकसभेसाठी उत्तर कन्नड मतदारसंघाला जोडलेला असल्याने अंगडी हे या गावाचे खासदार नव्हते. पण रेल्वेच्या गावाला रेल्वेचा मंत्री परका नसतो. कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड थेट लोहमार्गाचा त्यांनी धरलेला आग्रह लोंढ्याच्या हिताचा होता की अहिताचा, याबद्दल मतभेद होऊ शकतात, कारण तो मार्ग लोंढ्याला बाजूला ठेवून जातो. असा वाद घालण्यासाठीसुद्धा समोर उत्तर देणारा मंत्री असावा लागतो. डिसेंबर २०२० मध्ये संसदेचे हिवाळी अधिवेशन भरलेच नाही.

इतरत्र काय घडले, हे थोडक्यात पाहता येते. ब्राझीलच्या सिनेटने २० मार्च २०२० रोजी इतिहासात प्रथमच दूरस्थ बैठक घेऊन मतदान केले. युरोपीय संसदेने २६ मार्चला विजेच्या टपालाने मते मागवली. सदस्याने मतपत्रिका छापून, सही करून, तिची प्रतिमा परत पाठवायची. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये २२ एप्रिलपासून पन्नास सदस्य सभागृहात आणि एकशेवीस पडद्यावर, अशी मिश्र बैठक सुरू झाली. तेथे पंतप्रधानांना प्रश्न विचारण्याची प्रथा पडद्यावरूनही चालू राहिली, हा आपल्याहून मोठा फरक. मे महिन्यात सदस्य घरून मत देऊ लागले. २ जूनला सरकारने ती सोय मागे घेतली आणि सदस्य वेस्टमिन्स्टरच्या आवारात अंतर राखून लांबलचक रांगेत मतदानासाठी उभे राहिले. आजारी आणि वृद्ध सदस्यांचे काय, या आक्षेपापुढे त्या सरकारला पुन्हा काही सवलती द्याव्या लागल्या. जगातल्या सर्वांत जुन्या संसदांपैकी एकीलाही या प्रश्नाचा एकच एक निकाल सहा आठवड्यांपलीकडे टिकवता आला नाही.

साथ ओसरली आणि दूरस्थ हजेरीचा प्रश्न महाराष्ट्रापुढे दुसऱ्याच वेषात आला. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत आधी सुरतेस आणि नंतर गुवाहाटीस गेले. तेथून उपाध्यक्ष झिरवाळ यांच्यावरील अविश्वासाची सूचना मुंबईत ई-मेलने पोहोचली. अध्यक्षपद तेव्हा रिक्त होते. ती सूचना अधिकृत पत्त्यावरून आलेली नाही आणि सह्यांची खात्री पटत नाही, असे सांगून झिरवाळ यांनी ती फेटाळली. अपात्रतेच्या नोटिसा निघाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २७ जून रोजी न्यायालयाने आमदारांना उत्तर देण्यासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. आमदार दोन हजार किलोमीटरांहून दूर, सभागृह मुंबईत, आणि दोहोंमधला दुवा एक ई-मेल: १९८९ च्या पत्रांच्या गठ्ठ्याची आठवण यावी असाच हा प्रसंग. कागदाऐवजी वीज आली. सहीमागच्या माणसाचे मन ओळखण्याची अडचण जशीच्या तशी राहिली. २९ जूनच्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुकवरून जनतेशी बोलताना राजीनामा जाहीर केला. गुवाहाटीहून निघालेले आमदार त्याच रात्री गोव्यात उतरले होते.

शेवट मात्र सभागृहातच झाला, आणि तोही अगदी जुन्या पद्धतीने. ४ जुलै २०२२ रोजी नव्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली. सदस्य एकेक करून उभे राहिले आणि मोजले गेले: बाजूने १६४, विरोधात ९९. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला, तेव्हा राज्यपालांपुढे बहुमत चाचणीचे आदेश देण्याइतकी वस्तुनिष्ठ सामग्री नव्हती असे म्हटले. आमदारांच्या एका गटाच्या ठरावावर त्यांनी विसंबणे चूक होते. त्याचबरोबर ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा स्थापता येणार नाही, असेही स्पष्ट केले. जो सभागृहात उभा राहिला नाही त्याचे बहुमत होते की नव्हते, हे न्यायालयही मोजू शकत नाही.

सीमाभागातील मराठी माणसाचे या सगळ्याशी एक खास नाते आहे, कारण त्याच्या दाराशी सभागृह आले ते वादाचा भाग म्हणूनच. १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव कर्नाटकातच ठेवण्याची आणि निपाणी-खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि २००६ साली कर्नाटकाने बेळगावात विधिमंडळाचे पहिले अधिवेशन भरवले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. पुणे-बेंगळूर महामार्गावरून ये-जा करणाऱ्याला ती भव्य वास्तू दिसतेच. वर्षातून दोन आठवड्यांच्या आसपास ती गजबजते. महाराष्ट्र एकीकरण समिती तेवढ्या दिवसांत महामेळावा भरवून आपला निषेध नोंदवते. सभागृहाची जागा हीच हक्काची घोषणा असते, हे बेळगावइतके क्वचितच कोठे उघड दिसेल. जेथे भिंतींनाच एवढे मोल आहे तेथे भिंतींवाचून सभागृह भरवण्याची कल्पना सहज रुजत नाही.

तथापि, त्या वास्तूचाही उपयोग संकटात झाला नाही. २०१८ च्या डिसेंबरानंतर २०१९ साली, ज्या वर्षी ऑगस्टमधल्या महापुराने बेळगाव जिल्ह्याची दैना केली, त्या वर्षी अधिवेशन येथे भरले नाही. २०२० साली साथीमुळे तोच प्रकार झाला. पुराच्या वर्षी पूरग्रस्त जिल्ह्यात सभागृह यावे, अशी मागणी होऊनही ते बेंगळूरलाच राहिले. दूरच्यांसाठी बांधलेले सभागृह दूरच्यांना सर्वाधिक गरज असताना कुलूपबंद होते.

आणखी एक अंग भाषेचे. राज्याची राजभाषा, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत ज्याला नीट बोलता येत नाही अशा सदस्यास मातृभाषेत बोलण्याची परवानगी अध्यक्ष देऊ शकतात, असे घटनेच्या २१० व्या अनुच्छेदात म्हटले आहे. बेंगळूरच्या सभागृहात मराठीतून बोललेल्या सदस्यांना तोच आधार. ती परवानगी अध्यक्षाच्या मर्जीवर असते. आणि मर्जी वळवण्यासाठी सदस्याला समोर उभे राहावे लागते. बाकावरचा पडदा एकाच कागदपत्राला चार भाषांत दाखवू शकतो. यंत्राला ते अवघड नाही. २०१८ च्या निवडणुकीत मात्र समितीचा एकही उमेदवार विधानसभेत पोहोचला नव्हता, त्यामुळे साथीच्या त्या वर्षांत अशी मागणी सभागृहात ठेवणारा समितीचा आवाज तेथे नव्हता.

अंगडी यांच्या रिक्त जागेसाठी १७ एप्रिल २०२१ रोजी, साथीची दुसरी लाट चढत असताना, बेळगाव लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. ज्या वर्षी सभासदांना एकत्र बसवणे धोक्याचे ठरले होते, त्या वर्षी मतदार मुखपट्टी बांधून रांगेत उभे राहिले. मंगला अंगडी थोडक्या मतांनी निवडून आल्या. समितीच्या पाठिंब्यावरील तरुण उमेदवार शुभम शेळके यांना लाखाहून अधिक मते पडली. १३ डिसेंबर २०२१ रोजी, तीन वर्षांच्या खंडानंतर, सुवर्ण विधानसौधाची दारे अधिवेशनासाठी उघडली. त्याच दिवशी शहरात महामेळावाही भरला होता.